स्तनलघूकरण शस्त्रक्रिया

स्तनलघूकरण शस्त्रक्रिया ही प्लास्टिक शल्यचिकित्सेतील एक शस्त्रक्रिया आहे. तीत स्तनातील अतिरिक्त ग्रंथी, चरबी व त्वचा काढून स्तनांचे आकारमान व वजन कमी केले जाते आणि उरलेल्या स्तनास नवा आकार देऊन तो वर उचलला जातो. ही शस्त्रक्रिया केवळ सौंदर्यवर्धनासाठी असते, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात बहुसंख्य स्त्रिया मान, खांदे व पाठ यांतील दीर्घकालीन वेदना, त्वचेचे विकार आणि हालचालींवरील मर्यादा या कारणांसाठी ती करून घेतात. वेदनामुक्ती व जीवनमानातील सुधारणा या दृष्टींनी तिचे परिणाम अनेक देशांत अभ्यासले गेले असून ते सामान्यतः चांगले आढळले आहेत. मात्र शस्त्रक्रियेचे व्रण कायम राहतात. स्तनाग्राची संवेदना आणि स्तनपानाची क्षमता यांवरही परिणाम होऊ शकतो. त्यामुळे पद्धतीची निवड विचारपूर्वक करावी लागते.

स्तनांची अतिवृद्धी व तिची लक्षणे

शरीराच्या मानाने स्तन फार मोठे असण्याच्या अवस्थेस स्तनांची अतिवृद्धी म्हणतात. तिची कारणे एकच नसतात. काही मुलींमध्ये वयात येताना स्तन थोड्याच महिन्यांत झपाट्याने वाढतात. हिला कौमार्यातील अतिवृद्धी म्हणतात. काहींमध्ये गरोदरपणात अशी वाढ होते. पेनिसिलामाइनसारख्या औषधाचा दुष्परिणाम म्हणूनही ती क्वचित आढळते. बहुतेक स्त्रियांमध्ये मात्र आनुवंशिकता, संप्रेरकांना मिळणारा स्थानिक प्रतिसाद आणि वजनवाढ यांचा एकत्रित परिणाम दिसतो.

स्तनांचा भार छातीच्या पुढील बाजूस असल्याने मान व पाठीचे स्नायू सतत ताणलेले राहतात. मान, खांदे व पाठ दुखणे, डोकेदुखी, ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यांवर कायमचे वळ पडणे आणि हाताच्या करंगळीकडील बाजूस मुंग्या येणे ही नेहमीची लक्षणे होत. स्तनाखालील घडीत घाम साचून त्वचा ओलसर राहते व तेथे बुरशीजन्य संसर्ग, पुरळ किंवा जखमा होतात. उष्ण व दमट हवेत हा त्रास वाढतो. धावणे, पोहणे यांसारखे व्यायाम कठीण झाल्याने वजन वाढते, आणि वजन वाढल्याने स्तन आणखी जड होतात, असे दुष्टचक्र निर्माण होऊ शकते. लोकांच्या नजरा, मापाचे कपडे न मिळणे आणि किशोरवयातील थट्टा यांमुळे होणारा मानसिक त्रासही या अवस्थेचा भाग मानला जातो.

शरीररचनेचा आधार

या शस्त्रक्रियेतील मुख्य अडचण अशी की, स्तनातील बरेचसे ऊतक काढून टाकायचे असते, पण स्तनाग्र व त्याभोवतीचे गडद वर्तुळ, म्हणजे स्तनमंडल, जिवंत ठेवून वरच्या जागी न्यायचे असते. स्तनास रक्तपुरवठा अनेक दिशांनी होतो. उरोस्थीच्या कडेने छातीच्या आतून येणाऱ्या धमनीच्या शाखा, काखेकडून येणारी पार्श्व वक्षीय धमनी आणि बरगड्यांमधील धमन्यांच्या शाखा हे त्यांतील प्रमुख स्रोत होत. स्तनाग्राच्या संवेदनेत बरगड्यांमधील चौथ्या चेतेच्या बाहेरील शाखेचा वाटा मोठा असतो. दुग्धनलिका स्तनाग्राच्या मागे एकत्र येतात. म्हणून स्तनाग्रामागील ऊतकाचा स्तंभ किती शाबूत राहतो, यावर पुढील स्तनपान बऱ्याच अंशी अवलंबून असते.

रक्तपुरवठा करणारा ऊतकाचा जो भाग स्तनाग्राशी जोडलेला ठेवला जातो, त्यास शल्यचिकित्सेत पेडिकल, म्हणजे देठ, म्हणतात. फळ देठाशी जोडलेले असेपर्यंत त्यास रस मिळतो, तसेच हे आहे. देठ न तोडता ऊतक एका जागेवरून दुसरीकडे वळवण्याचे तत्त्व प्लास्टिक शल्यचिकित्सेत फार जुने आहे. कपाळावरील त्वचा देठासह वळवून नाक घडवण्याची भारतीय पद्धत याच तत्त्वावर आधारलेली होती. पुण्यातील अशा एका शस्त्रक्रियेचा वृत्तांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापला गेला आणि त्यामुळे युरोपातील शल्यविशारदांचे लक्ष या पद्धतीकडे वेधले गेले.

इतिहास

सातव्या शतकातील बायझंटाइन वैद्य पॉल ऑफ एजिना याने पुरुषांमधील वाढलेले स्तन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन केले आहे. स्त्रियांसाठीच्या आधुनिक पद्धती मुख्यतः विसाव्या शतकात विकसित झाल्या.

शिकागो येथील मॅक्स थोरेक यांनी १९२२ मध्ये स्तनाग्र पूर्णपणे वेगळे काढून त्वचारोपणाप्रमाणे नव्या जागी बसवण्याची पद्धत वर्णिली. १९३० मध्ये श्वार्त्समान यांनी स्तनाग्राभोवतीच्या त्वचेचा खोल थर राखल्यास त्याचा रक्तपुरवठा टिकतो, हे दाखवून दिले. पुढील सर्व देठाधारित पद्धतींचा पाया या निरीक्षणाने घातला. १९५६ मध्ये रॉबर्ट वाइज यांनी ब्रा शिवताना वापरल्या जाणाऱ्या नमुन्यांवरून त्वचेवर आखणी करण्याचा साचा तयार केला. ‘वाइज आखणी’ या नावाने तो आजही वापरात आहे. त्यामुळे शस्त्रक्रियेत अचूकता आली आणि ती इतरांना शिकवणे सोपे झाले.

यानंतरचा काळ देठाच्या दिशेविषयीच्या प्रयोगांचा होता. स्वीडनचे स्ट्रॉम्बेक यांनी १९६० मध्ये आडवा दुहेरी देठ आणि अमेरिकेतील मॅकिसॉक यांनी १९७२ मध्ये उभा दुहेरी देठ मांडला. ब्राझीलचे इव्हो पितांगी यांची पद्धतही याच काळात प्रसिद्धीस आली. १९७५ ते १९७७ या काळात रिबेरो, रॉबिन्स तसेच कोर्टिस व गोल्डविन यांनी खालचा देठ वापरण्याची पद्धत रूढ केली. अमेरिकेत ती दीर्घकाळ सर्वाधिक वापरली गेली. दुसरीकडे, फ्रान्समधील क्लोद लासू व बेल्जियममधील मॅडलेन लेजूर यांनी आडवा व्रण टाळणाऱ्या उभ्या व्रणाच्या पद्धतीचा पुरस्कार केला. कॅनडाच्या एलिझाबेथ हॉल-फिंडले यांनी १९९९ मध्ये तिचे आतील देठावर आधारलेले सुटसुटीत रूप मांडल्यानंतर ती अधिक प्रचारात आली.

शस्त्रक्रियेच्या पद्धती

कोणत्याही पद्धतीत दोन स्वतंत्र निर्णय असतात. त्वचेवरील छेद कोठे घ्यायचे हा पहिला आणि स्तनाग्राचा देठ कोणत्या बाजूस ठेवायचा हा दुसरा. हे दोन्ही निर्णय एकच मानल्याने पद्धतींच्या नावांत गोंधळ होतो. वस्तुतः तोच देठ वेगवेगळ्या छेदांसह वापरता येतो.

छेदांचे प्रकार

उलट्या टी आकाराचा छेद: यात स्तनमंडलाभोवती एक, तेथून खाली उभा एक आणि स्तनाखालील घडीत आडवा एक, असे तीन छेद असतात. मिळून त्यांचा आकार जहाजाच्या नांगरासारखा दिसतो. उभ्या व आडव्या दोन्ही दिशांनी त्वचा कमी करता येत असल्याने फार मोठ्या किंवा फार ओघळलेल्या स्तनांसाठी ही आखणी सोयीची ठरते. तिचे व्रण सर्वांत लांब असतात. उभा व आडवा छेद जेथे मिळतात, तेथे त्वचेवर ताण अधिक व रक्तपुरवठा कमी असल्याने जखम उशिरा भरण्याची शक्यता असते.

उभा छेद: यात स्तनमंडलाभोवतीचा व त्याखालील उभा असे दोनच छेद असतात. आकार टिकवण्याचे काम त्वचेवर न सोपवता आतील ग्रंथीचे दोन खांब एकमेकांना शिवून केले जाते. त्यामुळे स्तनाची पुढे येणारी गोलाई चांगली राहते. मात्र सुरुवातीच्या काही आठवड्यांत स्तनाच्या खालच्या बाजूस चुण्या दिसतात. बहुतेकदा त्या आपोआप विरतात, परंतु काही वेळा लहानशी दुरुस्ती करावी लागते. ही पद्धत लहान व मध्यम प्रमाणातील लघूकरणासाठी विशेष उपयुक्त मानली जाते.

केवळ स्तनमंडलाभोवतीचा छेद: व्रण सर्वांत कमी राहतो, पण त्वचा फारशी कमी करता येत नाही. आकार चपटा होण्याची व व्रण रुंदावण्याची शक्यता असल्याने याचा उपयोग मर्यादित आहे.

देठाचे प्रकार

खालच्या देठात स्तनाग्रास जोडलेले ऊतक स्तनाखालील घडीकडून येते. रक्तपुरवठा भरवशाचा असतो आणि मोठ्या लघूकरणातही तो वापरता येतो. परंतु देठ स्तनाच्या खालच्या भागातच राहिल्याने गुरुत्वाकर्षणामुळे काही वर्षांनी तो भाग ओघळू शकतो. वरच्या किंवा वरच्या-आतील देठात खालचा जड भाग काढून टाकला जातो. त्यामुळे स्तनाचा वरचा भाग भरीव राहतो व आकार अधिक काळ टिकतो. फार लांब अंतर असल्यास वरचा देठ वळवणे कठीण जाते, तर आतील देठ सहज फिरवता येतो.

स्तनाग्राचे मुक्त रोपण

स्तनाग्र फार खाली असून देठ अतिशय लांब होणार असेल, किंवा रुग्णाच्या अन्य आजारांमुळे शस्त्रक्रिया लवकर आटोपणे आवश्यक असेल, तर स्तनाग्र वेगळे काढून त्वचारोपणाप्रमाणे बसवले जाते. यात दुग्धनलिका तुटत असल्याने स्तनपान शक्य होत नाही व संवेदना बहुतांशी जाते. सावळ्या किंवा गडद वर्णाच्या स्त्रियांमध्ये रोपण केलेल्या भागावर फिकट डाग राहू शकतात. भारतीय रुग्णांना ही माहिती आधी देणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

लायपोसक्शन

स्तनात ग्रंथीपेक्षा चरबीचे प्रमाण अधिक असल्यास बारीक नळीने चरबी शोषून आकारमान कमी करता येते. छेद अगदी लहान असतात. तथापि सैल त्वचा व ओघळलेपण यांवर हा उपाय पुरेसा नसतो. काखेकडील बाजू सारखी करण्यासाठी इतर पद्धतींच्या जोडीनेही तो वापरला जातो.

शस्त्रक्रियेचा क्रम

शस्त्रक्रियेपूर्वी सविस्तर तपासणी होते. वय व कौटुंबिक इतिहास पाहून मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी केली जाते. धूम्रपान किंवा अन्य तंबाखूसेवनातील निकोटीनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व स्तनाग्राचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. म्हणून किमान ४ आठवडे आधी ते बंद करण्यास सांगतात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास त्यांविषयी डॉक्टर निर्णय घेतात. किशोरवयीन मुलींमध्ये स्तनांची वाढ थांबल्याची खात्री होईपर्यंत शक्यतो थांबले जाते, कारण वाढ चालू असताना शस्त्रक्रिया केल्यास स्तन पुन्हा वाढू शकतात.

त्वचेवरील आखणी रुग्ण उभी असताना करतात, कारण आडवे झाल्यावर स्तनांची जागा बदलते. स्तनाग्राची नवी जागा सामान्यतः स्तनाखालील घडीच्या पातळीशी जुळवून ठरवली जाते. शस्त्रक्रिया संपूर्ण भूल देऊन केली जाते व तिला साधारणतः २ ते ४ तास लागतात. मोठे झालेले स्तनमंडल कापून सुमारे ४ सेंटिमीटर व्यासाचे केले जाते. काढलेल्या ऊतकाचे दोन्ही बाजूंचे वजन नोंदवून ते सूक्ष्मदर्शकीय तपासणीसाठी पाठवतात. साचणारा द्रव बाहेर काढण्यासाठी पूर्वी नळ्या सर्रास ठेवल्या जात. तुलनात्मक अभ्यासांत त्यांचा विशेष लाभ न आढळल्याने आता अनेक ठिकाणी त्या टाळल्या जातात.

रुग्णास त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांत घरी सोडतात. काही आठवडे आधार देणारी ब्रा घालावी लागते. बैठे काम सुमारे २ आठवड्यांत सुरू करता येते. जड वस्तू उचलणे व जोराचे व्यायाम ४ ते ६ आठवडे टाळावे लागतात. आपल्याकडील घरकामात पाण्याने भरलेली भांडी, धुण्याच्या बादल्या व लहान मूल उचलणे हेही यात मोडते, याची कल्पना घरातील इतरांनाही असावी लागते. सूज ओसरून आकार स्थिरावण्यास काही महिने, तर व्रण फिके पडण्यास एक वर्ष किंवा अधिक काळ लागतो.

गुंतागुंत

अमेरिकेत अनेक केंद्रांवर मिळून झालेल्या ‘ब्राव्हो’ या अभ्यासातील गुंतागुंतीचे विश्लेषण २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात १७९ रुग्णांपैकी ४३ टक्के रुग्णांमध्ये कोणती ना कोणती गुंतागुंत नोंदली गेली. हा आकडा मोठा वाटला, तरी त्यात किरकोळ तक्रारीही मोजल्या होत्या. सर्वांत अधिक आढळलेली गुंतागुंत जखम उशिरा भरण्याची होती (सुमारे २२ टक्के), आणि ती बहुधा मलमपट्टीने बरी होते.

याखेरीज रक्त किंवा द्रव साचणे, जंतुसंसर्ग, चरबीच्या पेशी मृत होऊन कठीण गाठ तयार होणे, दोन्ही स्तनांत असमानता राहणे आणि व्रण जाड होणे या तक्रारी उद्भवू शकतात. गडद त्वचेत जाड व्रण व कीलॉइड यांची प्रवृत्ती अधिक असते. रक्तपुरवठा तुटून स्तनाग्राचा काही किंवा संपूर्ण भाग मृत होणे ही सर्वांत गंभीर स्थानिक गुंतागुंत होय. ती विरळा आढळते. स्थूलता, तंबाखूसेवन, अनियंत्रित मधुमेह व फार मोठ्या प्रमाणातील लघूकरण यांमुळे जखमेच्या गुंतागुंतीचा धोका वाढतो.

स्तनाग्राची संवेदना शस्त्रक्रियेनंतर प्रथम कमी होते व पुढील काही महिन्यांत बहुतेकांमध्ये बऱ्याच अंशी परत येते. काहींमध्ये ती कायमची कमी राहते. फार जड स्तनांमध्ये चेता ताणल्या गेल्याने आधीच मंदावलेली संवेदना भार कमी झाल्यावर सुधारल्याचेही दिसून आले आहे.

परिणाम

परिणामांचे मोजमाप केवळ डॉक्टरांच्या मतावर न ठेवता रुग्णाच्या स्वतःच्या अनुभवावरून करण्याकडे अलीकडे कल आहे. यासाठी २००९ मध्ये ‘ब्रेस्ट-क्यू’ ही प्रश्नावली प्रसिद्ध झाली. अशा प्रश्नावल्यांतून वेदना, शारीरिक हालचाल, आत्मविश्वास व समाधान या सर्व बाबतींत शस्त्रक्रियेनंतर स्पष्ट सुधारणा दिसते.

‘ब्राव्हो’ अभ्यासात शस्त्रक्रियेविना केल्या जाणाऱ्या उपायांचीही तुलना केली होती. वजन कमी करणे, फिजिओथेरपी, विशेष प्रकारच्या ब्रा व औषधे यांनी लक्षणांतून कायमस्वरूपी आराम मिळाला नाही; शस्त्रक्रियेने मात्र तो मिळाला. तसेच मिळणारा आराम किती ग्रॅम ऊतक काढले यावर अवलंबून नसतो, असेही या अभ्यासांतून पुढे आले. अमेरिकन प्लास्टिक शल्यविशारदांच्या संघटनेने २०२२ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत याच आधारावर, काढायच्या ऊतकाच्या वजनापेक्षा लक्षणांकडे पाहून निर्णय घ्यावा, अशी शिफारस केली आहे.

क्रीडाक्षेत्रातील एक परिचित उदाहरण रुमानियाची टेनिसपटू सिमोना हालेप हिचे आहे. पाठदुखी व खेळातील अडथळा या कारणांनी तिने २००९ मध्ये ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्याविषयी ती उघडपणे बोलली. पुढे तिने २०१८ मध्ये फ्रेंच ओपन व २०१९ मध्ये विंबल्डन स्पर्धा जिंकली.

शस्त्रक्रियेचा परिणाम दीर्घकाळ टिकतो. तरीही वजनातील मोठे चढउतार, गरोदरपण, रजोनिवृत्ती व वय यांनी स्तनांचा आकार पुन्हा बदलू शकतो.

स्तनपान

तरुण स्त्रिया व त्यांचे कुटुंबीय यांच्या मनातील सर्वांत मोठी शंका स्तनपानाविषयी असते. शस्त्रक्रियेनंतर स्तनपान अशक्यच होते, हे मत बरोबर नाही; ते निश्चित शक्य होईल, असे आश्वासनही देता येत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात स्तनाग्रामागील ऊतकाचा स्तंभ पूर्ण राखणाऱ्या पद्धतींमध्ये स्तनपानाचे यश सर्वाधिक, अंशतः राखणाऱ्या पद्धतींमध्ये मध्यम (सुमारे ७५ टक्के), तर तो न राखणाऱ्या पद्धतींमध्ये अत्यल्प (सुमारे ४ टक्के) आढळले. दूध येत असले, तरी ते बाळास पुरेसे नसू शकते आणि वरच्या दुधाची जोड द्यावी लागू शकते. म्हणून पुढे मूल हवे असणाऱ्या स्त्रीने ही बाब पद्धत ठरवण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते. लक्षणे तीव्र असल्यास केवळ भावी स्तनपानासाठी अनेक वर्षे वेदना सोसायच्या की नाही, हा निर्णय सर्व माहिती घेतल्यानंतर त्या स्त्रीचाच असतो.

कर्करोगाशी संबंध

काढलेल्या ऊतकाच्या तपासणीत पूर्वी लक्षात न आलेला कर्करोग क्वचित सापडतो. बहुतेक अभ्यासांत हे प्रमाण १ टक्क्याहून कमी आहे. डेन्मार्क व स्वीडनमधील दीर्घकालीन पाहण्यांत ही शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांमध्ये पुढे स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण काहीसे कमी आढळले. तरीही कर्करोग टाळण्याचा उपाय म्हणून ही शस्त्रक्रिया केली जात नाही. शस्त्रक्रियेनंतर मॅमोग्राफीत व्रणऊतक व कॅल्शियमचे ठिपके दिसू शकतात. त्यामुळे तपासणीच्या वेळी पूर्वीच्या शस्त्रक्रियेची माहिती देणे आवश्यक असते. स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांतही या पद्धतींचा उपयोग होतो. लघूकरणाच्या आखणीतच गाठ काढून स्तन वाचवला जातो आणि दुसरा स्तन त्याच्याशी जुळवला जातो.

वैद्यकीय गरज व विमा

ही शस्त्रक्रिया उपचार मानावी की सौंदर्यवर्धन, यावर तिचा खर्च कोणी करायचा हे ठरते. १९९१ मध्ये श्नूर व सहकाऱ्यांनी शरीराचे पृष्ठफळ आणि काढलेल्या ऊतकाचे वजन यांची सांगड घालणारे कोष्टक मांडले. अमेरिकेतील विमा कंपन्यांनी ते मापदंड म्हणून स्वीकारले. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेच्या निकषांत प्रत्येक स्तनातून किमान ५०० ग्रॅम ऊतक किंवा ४ कप-मापे एवढी घट अपेक्षित असणे आणि शरीरवस्तुमान निर्देशांक २७ पेक्षा कमी असणे यांसारख्या अटी घालण्यात आल्या. लहान चणीच्या स्त्रीस थोडे ऊतक काढूनही मोठा आराम मिळू शकतो. म्हणून वजनावर आधारलेल्या अशा मर्यादांवर टीका होत आली आहे.

भारतात विमा नियामक प्राधिकरणाने प्रमाणित केलेल्या वगळणुकींनुसार सौंदर्यवर्धक व प्लास्टिक शस्त्रक्रिया आरोग्यविम्यात येत नाहीत. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, तसेच थेट व तातडीचा आरोग्यधोका दूर करण्यासाठी आवश्यक असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलेली शस्त्रक्रिया यांना अपवाद आहे. त्यामुळे लक्षणे, आधी केलेले उपचार व त्वचेच्या विकारांच्या नोंदी जपून ठेवणे रुग्णाच्या हिताचे असते. भारतात प्लास्टिक शल्यचिकित्सेतील एम.सीएच. किंवा त्यास समकक्ष पदवी असलेले डॉक्टर या शस्त्रक्रियेसाठी प्रशिक्षित असतात.

स्तनांविषयी बोलण्याचा संकोच असल्याने अनेक स्त्रिया वर्षानुवर्षे पाठदुखी व मानदुखीवर उपचार घेतात, पण मूळ कारण सांगत नाहीत; कधी डॉक्टरही ते विचारत नाहीत. या दुखण्यावर उपाय उपलब्ध आहे, ही माहितीच अशा वेळी उपचाराची पहिली पायरी ठरते.

पुरुषांमधील लघूकरण

पुरुषांमध्ये ग्रंथी वाढून स्तन मोठे होण्याच्या अवस्थेस गायनेकोमास्टिया म्हणतात. पौगंडावस्थेतील अशी वाढ बहुधा आपोआप ओसरते. ती टिकून राहिल्यास संप्रेरकांचे विकार व औषधांचे दुष्परिणाम तपासले जातात. त्यानंतर लायपोसक्शन आणि स्तनमंडलाच्या कडेने घेतलेल्या लहान छेदातून ग्रंथी काढणे, असे उपचार केले जातात.

हे सुद्धा पहा

प्लास्टिक शल्यचिकित्सा
स्तनाचा कर्करोग
स्तनपान
सुश्रुत